एक उघडी, बाकी बंद

उलटी

खुर्ची उघडायची तर आधी ती उलटी करायची. पाय वर, तोंड खाली. कितीही तोऱ्यातली असो, उलटी केली की तोरा उतरतो. खाली नुसतं काळं कापड असतं आणि त्याच्या कडेने दातांसारख्या दाटीने मारलेल्या पिना.

बॅरिस्टरने चिमट्याचं टोक पहिल्या पिनेखाली सरकवलं आणि मनगटाला हिसका दिला.

टक्.

पिन उडून फरशीवर पडली. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं. बाहेरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते, घाईतले, रेंगाळणारे, एक लंगडणारा.

टक्. टक्.

गिऱ्हाइकाची खुर्ची असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. जुन्या खुर्च्या-सोफे उघडायचे, फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं, यावरच हे घर चाललं होतं. पण ही खुर्ची बाबांची होती. उंच पाठीची, रुंद हातांची. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेला तो परत आलाच नाही, आणि बाबा तीत बसले ते बसलेच. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची ती तीत बसून, दादाला झापायचं तेही तीत बसून. कमावत्या दादालासुद्धा तीत टेकायची मुभा नव्हती. न कमावत्या बॅरिस्टरचं तर नावच नको.

आवाज ऐकून मागच्या खोलीतून आई आली. ओले हात तसेच धरून दारात उभी राहिली.

"अगं, ही कुणाची उघडतेयस?"

"दिसतेय ना."

"बाबांना विचारलंस?"

"बाबांनी मला विचारलं होतं?"

आईने हात पदराला पुसले आणि आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली आणि पिना वेचायचं डबडं लेकीच्या गुडघ्याशी ठेवून गेली. पिना पायात घुसू नयेत, एवढाच त्याचा अर्थ असेल. किंवा जास्तही असेल. आईचं काही सांगता येत नाही.

बॅरिस्टर हे तिचं नाव नव्हे. पदवी तर नव्हेच. लहान असताना तिने कशावरून तरी थोरांशी हुज्जत घातली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोठी बॅरिस्टर लागून गेलीस का गं? ते चिकटलं. आता ती संख्याशास्त्र शिकत होती, शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या आईकडून-बापाकडून मागे जितकी माणसं आठवतात त्यांच्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

टक्.

नियम

दुकानात भिंतीवर नियम लिहिलेले नव्हते. बाबांच्या जिभेवर होते, आणि भिंतीपेक्षा ती जागा पक्की होती.

एक उघडी, बाकी बंद. म्हणजे एक खुर्ची उघडली की ती पुरती बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

उघडेल तो बंद करेल. कोणता पट्टा कुठून सुटला, कोणती स्प्रिंग कुठे रुसून बसली होती, हे उघडणाऱ्याच्याच हातांना ठाऊक असतं. दुसऱ्याने बंद केलेली खुर्ची दुसऱ्याचीच वाटते.

आत सापडेल ते ज्याचं त्याला. खुर्च्या माणसांच्या खिशातलं खातात. किल्ल्या, बटणं, कानातलं. सगळं पुरचुंडीत बांधून गिऱ्हाइकाला परत.

हे काही बाबा पोटातून शिकून आले नव्हते. तरुणपणी हाव सुटली होती. एका वकिलाची, एका न्हाव्याची आणि एका लठ्ठ व्यापाऱ्याची, अशा खुर्च्या त्यांनी एकदमच उघडल्या. सगळ्यांचं सामान एकमेकांत गेलं. घाईघाईने बंद केल्या. मग काय, वकील जन्मभर डावीकडे कलून युक्तिवाद करत राहिला, न्हाव्याचं गिऱ्हाईक ऐन वस्तरा गळ्याशी असताना वर उसळायचं, आणि व्यापारी बसला तो थेट जमिनीवरच. बाजारात बाबांची शोभा झाली. त्यानंतर नियम झाले, आणि ते मोडायची कुणाची छाती झाली नाही. दादाने एकदा मोडला तेव्हा बाबा ओरडले नाहीत, मारलंही नाही. नुसते त्याच्याशी बोलायचे थांबले. शेवटी दादानेच हात जोडले, मारा पण बोला.

हल्ली लोक खुर्ची झिजली की फेकतात आणि नवी आणतात. दुकानात कधी एक उघडायलाही नसे. तरी नियम तो नियम.

पगार

तर बापाची खुर्ची उघडण्यापर्यंत गोष्ट गेली कशी?

अभिमानाने गेली. रागाने गेली असती तर आवरता आली असती.

प्रवेशाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर कॉलेजात गेले होते. ऑफिसातल्या खुर्चीत बसले आणि सवयीने बोटं बैठकीच्या खाली फिरवली. पट्टे गेलेत हिचे, ते कारकुनाला म्हणाले. कारकून म्हणाला, पालक कोण? बाबा उठून उभे राहिले. मी. मीच घालतोय हिला इथं. जणू कारकून ती जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकणार होता.

पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली. घरात कुणाला कॉलेज आतून माहीत नव्हतं, त्यामुळे बाबांना कळलं ते एवढंच: पोरगी शिकते, आणि त्याचे तिला पैसे मिळतात. काम करून पैसे मिळतात त्याला ते आयुष्यभर एकच गोष्ट म्हणत आले होते. समोरच्या कुलूपवाल्याला सांगितलं, पोरीला पगार सुरू झाला. सुट्टी लागली तेव्हा काळजीने विचारलं, सुट्टीचा कापतात का गं? परीक्षेच्या दिवसांत ती उशिरापर्यंत वाचत बसली तर म्हणाले, याचा ओव्हरटाइम देतात का?

तिने समजावलं. हे पैसे येतात आणि फीमध्ये जातात, बाबा. परीक्षेची फी, पुस्तकं, येणं-जाणं. हातात काही उरत नाही.

बाबांनी समजूतदारपणे मान हलवली. "अगं, पगार कुणाच्या हातात उरलाय?"

यावर कुठलं संख्याशास्त्र काय करणार?

मग मामा आला. आईचा धाकटा भाऊ, गोदामवाला, अंगाला अत्तर आणि बोलण्याला तूप. त्याच्याकडे एक जुनी माल वाहायची गाडी पडून होती. दादा दुसऱ्याची गाडी चालवायचा, त्याला स्वतःची हवी होती. मामाने एका बैठकीत गणित जुळवलं: बॅरिस्टरच्या बँकेत फीसाठी नुकताच जमा झालेला 'पगार' आत्ता गाडीच्या पोटी द्यायचा. पुढचं एक वर्ष तिने कॉलेज थांबवून मामाच्या गोदामाच्या काउंटरवर बसायचं. तिथला पगार हप्त्यात वळता. गाडी दादाची. वर्ष झालं की पोरगी परत कॉलेजात. यात वाईट कुणाचंच नाही.

मामाचंही नाही, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

बाबा हो म्हणाले. आणि हो म्हणून झाल्यावर घरात सांगितलं. फी भरायची मुदत संपत आली होती. एक वर्ष मध्ये थांबलं की शिष्यवृत्ती बंद, पुन्हा मिळत नाही, आणि ती नसेल तर शेवटचं वर्ष या घराच्या खिशातून व्हायचं नव्हतं. हे तिने सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढला, आणि मग कुणी ऐकलं ते फक्त चढलेला आवाज.

जेवताना

वर्षभराने असं काय बिघडतं? कॉलेज काय चाक लावून पळून जातंय? मामाच्या शब्दाला काही किंमत आहे का नाही? भावाचं भलं झालेलं डोळ्यांत खुपतं का? बाबांचा अंगठा बघितलास का, पिन मारताना कसा थरथरतो? मोजायलाच शिकायचं होतं तर दुकानात टेप नव्हती का? बरं, शिकून शेवटी होणार काय? कोण होणार? तसा झालेला एक तरी माणूस आपल्या ओळखीत आहे का? नसेल तर तसं काही असतं, हे कशावरून?

आई म्हणाली, "अजून वाढू का?"

बॅरिस्टरने त्या एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं. नको.

आणि सकाळी उठून चिमटा उचलला.

हात

खुर्चीचे हात सोडवणं सगळ्यात किचकट. कापड आत दुमडून, ताणून मारलेलं असतं. घाई केली की फाटतं. तिने घाई केली नाही. लहानपणापासून पाहिलेलं काम हाताला आठवत होतं.

शटर खडखडाट करत पूर्ण वर गेलं. दादा होता. खांद्यावर टॉवेल, कामावर निघालेला. त्याने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग भिंतीला रांगेने लावलेल्या दवाखान्याच्या खुर्च्यांकडे. दवाखान्यातल्या बसायच्या खोलीचं सगळं काम बऱ्याच दिवसांनी हाती आलं होतं.

"वेड लागलंय का तुला? दवाखान्याचं काम आज सुरू करायचंय."

"करा की."

"कसं करणार? ही उघडी पडलीय."

"मी तेच म्हणते."

दादा तसा गरीब माणूस. भांडायला उभा राहिला तरी आधी टेकायला जागा बघायचा. तो दवाखान्याच्या एका खुर्चीच्या काठावर बसला. त्याच्या गाडीच्या मालकाची गोष्ट तिला पाठ होती. ओरखडा कुणीही मारो, पैसे दादाचे कापायचे. मालकाचा मुलगा पाठीमागून त्याला नावाने नव्हे, शीळ घालून बोलवायचा. दादाने हे तक्रारीच्या सुरात कधी सांगितलं नव्हतं. हसत सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते तिच्या मनातून जात नव्हतं. दादाचं चुकत नव्हतं. सगळी अडचण तीच होती. चुकत असतं तर भांडण सोपं होतं.

बैठक आणि हाताच्या फटीत तिची बोटं काहीतरी कडक वस्तूंना लागली. बाबांची पेन्सिल. आईच्या स्वेटरचं बटण. आणि खेळण्यातल्या मोटारीचं एक चाक.

पेन्सिल तिने खिडकीत ठेवली, बटण डबड्याच्या झाकणात. चाक दादापुढे धरलं.

"नियम आहे. सापडेल ते ज्याचं त्याला."

दादाने ते बोटात फिरवून पाहिलं. "लाल मोटारीचं."

"तू बाबांना सांगितलं होतंस मी हरवलं. मार मी खाल्ला होता."

दादा खाली बघत हसला, मग हसू थांबलं.

"चाक मिळालं," ती म्हणाली. "बाकीची गाडी माझ्या अंगातून काढू नकोस."

"तुला काय वाटतं, मला मजा येतेय यात?"

"नाही. तुझं बरोबर आहे, दादा. पण तुझं बरोबर आहे म्हणून मी उठून जायचं, असं कुठंय?"

दादाने चाक मुठीत धरलं. उठून मात्र गेला नाही.

टक्.

बैठक

बाबा आणि मामा बरोबरच आले. कोपऱ्यावर गाठ पडली असावी. मामा बोलत होता, बाबा ऐकत होते, आणि दुकानाच्या उंबऱ्यावर बाबांचा एक पाय आत आणि एक बाहेर असा थांबला.

त्यांची खुर्ची तोपर्यंत जवळपास नागडी झाली होती. पाठीचं कापड घडी करून बाजूला. फोम भिंतीला टेकवलेला, त्यावर बाबांच्या पाठीचा खोलगट आकार. मधोमध लाकडी सांगाडा आणि उघड्या स्प्रिंगा.

मामाला हसू आवरेना. "भाऊजी, भाचीने तर तुमची गादीच काढून घेतली."

बाबा हसले नाहीत. "बंद कर ती."

"करीन," बॅरिस्टर म्हणाली. ती गुडघ्यांवरून उठली नाही. "उघडली मी, बंद मीच करणार. शेवटची परीक्षा झाली की करते."

"आणि तोवर?"

"तोवर एक उघडी, बाकी बंद. तुमचाच नियम."

 मागच्या खोलीच्या दारात आई येऊन उभी राहिली. समोरचा कुलूपवाला उगाचच एका कुलपात किल्ली फिरवत राहिला. ते कुलूप केव्हाच उघडलं होतं.

बॅरिस्टरला वाटलं होतं, या क्षणी आवाज फुटणार नाही. फुटला. नुसता फुटला नाही, हवा तसा निघाला.

"बाबा, अर्धी उघडलेली खुर्ची तुम्ही गिऱ्हाइकाच्या नजरेलासुद्धा पडू देत नाही. मग मला तशीच फडक्याखाली झाकून मामांच्या गोदामात कशी ठेवताय? कॉलेजात मी एकटी गेले नव्हते. तुम्ही घातलंत. उभं राहून सांगितलंत तिथे. आता माझी बैठक निघालीय, पाठ निघालीय, आणि तुम्ही म्हणता ही राहू दे, आधी गाडी उघडू. काल मी ओरडले, ते चुकलं. पण पैसे देणार नाही. बँकेत येणार नाही. मामांच्या काउंटरवर बसणार नाही. उचलून नेलंत तर तिथेही हीच वटवट करीन, आणि गिऱ्हाइकांसमोर करीन."

"बघा," मामा म्हणाला, "हे शिकवतात तिथं."

"नाही मामा, हे इथं शिकवतात."

मामाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तो व्यवहाराचा माणूस. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तशा गोड आवाजात म्हणाला, "अहो भाऊजी, खुर्च्यांचे कधी नियम असतात का? हे काय कोर्ट आहे? गरिबाचं दुकान, त्यात कसले आले कायदे. मी उघडून देतो, बघा, काही आकाश कोसळत नाही."

आणि तो खाली वाकला, फरशीवरचा चिमटा उचलला, दवाखान्याच्या पहिल्या खुर्चीपाशी गेला आणि टोक पिनेखाली घातलं. उलट्या बाजूने. कापड टरकलं.

"चिमटा खाली ठेवा."

बाबा मोठ्याने बोलले नव्हते. पण दादा खुर्चीच्या काठावरून ताडकन उठला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. यानंतर बाबा बोलायचे थांबत.

मामा चिमटा धरून तसाच ओणवा राहिला. "अहो, मी आपलं..."

"पाहुणे, चिमटा ठेवा." बाबांनी स्वतः जाऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.  त्यांनी टरकलेल्या कापडावरून हात फिरवला, मग आपल्या उघड्या खुर्चीकडे बघत राहिले.  मग जे म्हणाले ते तिला उद्देशून नव्हतं, मामालाही नव्हतं. हिशेब चुकला की ते स्वतःशी बोलत, तसं.

"हिला तिथं घातली ती मी. उघडेल तो बंद करेल. गाडीचं आत्ता जमणार नाही."

"गाडी थांबणार नाही हां. उद्या दुसरा कुणी नेईल."

"नेऊ दे."

"पस्तावाल, भाऊजी."

आई दारातून पुढे आली. गाडीबद्दल ती कालपासून एक शब्दही बोलली नव्हती. "पस्तावलो तर आमचं आम्ही पस्तावू," ती धाकट्या भावाला म्हणाली. "तू चहा घेणारेस का?"

मामाने चहा घेतला नाही. अत्तर मात्र बराच वेळ मागे राहिलं.

सांगाडा

इथे सगळ्यांनी एकमेकांना मिठी मारली असती तर बरं झालं असतं. दादाने खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"आणि माझं?"

"माझी बंद झाली की तुझी उघडायची," ती म्हणाली. "हे मी म्हणत नाही. दुकान म्हणतं."

"दुकानाला तोंड नसतं. तू म्हणतेयस. मी लक्षात ठेवीन."

"ठेव. मी विसरले तर माझ्या दारात येऊन शीळ घाल."

हे लागलं त्याला. तिलाही, बोलून झाल्यावर. तो वळला, रस्त्यावर उतरला आणि परक्याची गाडी चालवायला निघून गेला. चाक तेवढं खिशात घालून नेलं. तो पुढे किती दिवस तिच्याशी धड बोलणार नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी माघार घ्यावी असं तिला वाटलं नाही.

बाबा फरशीवरच्या पिना वेचत होते. "आता बंद कर," ते म्हणाले. "दवाखान्याच्या थांबल्यात."

"आत्ता नाही. फी भरायचीय, मग तास आहे. संध्याकाळी करते."

"परीक्षेनंतर म्हणाली होतीस."

"ते मामा होते म्हणून."

बाबांच्या ओठाचा एक कोपरा हलला असावा. वाकलेले असल्यामुळे नीट दिसलं नाही. "कापड कुठलं घालणारेस? मातकट आहे शिल्लक."

"लाल."

"लालवर मळ दिसतो."

"दिसू दे."

ती आत जाऊन हात धुऊन आली, पिशवी खांद्याला अडकवली. नखांत काळ्या कापडाचे धागे तसेच होते. बाहेर पडणार तोच दवाखान्याचा माणूस आला, खुर्च्या कुठवर आल्या ते बघायला. बाबांची तारांबळ उडेल असं तिला वाटलं. उघडी खुर्ची गिऱ्हाइकाला दिसली की ते चादर शोधत धावायचे. बाबांनी चादरीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपली खुर्ची सुलटी केली, तोल बघितला, आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत उघड्या स्प्रिंगांवर बसले. दोन्ही हात सांगाड्याच्या नुसत्या लाकडावर, मान ताठ. एक स्प्रिंग जोरात कुरकुरली.

"हे काय, तुमचीच उघडी?" माणूस म्हणाला.

बाबा उठले नाहीत.

"काम चालू आहे," ते म्हणाले. "तुम्ही उद्या या."